कामावरचा मृत्यू, भरपाई आणि अपील : गैरसमज आणि वस्तुस्थिती

कामावर माणूस दगावला की घरच्यांपर्यंत कायदा पोहोचण्याआधी सल्ले पोहोचतात. मुकादम म्हणतो, ‘हजेरीला त्याचं नावच नव्हतं.’ मालकाकडून निरोप येतो, ‘दिवसकार्य उरकू द्या, मग बघू.’ गावातला एखादा जाणकार समजावतो, ‘दावा लावाल, पण ते हायकोर्टात जातील, मग काय कराल?’ अशा बोलण्याला घाबरून अनेक कुटुंबे हक्काच्या रकमेवर पाणी सोडतात. प्रत्यक्षात कायदा काय म्हणतो आणि वादातला दावा कोण, कसा तपासतो, हे नीट समजून घ्यायला हवे.

आधी चौकट पाहू. 1 जुलै 1924 पासून लागू झालेला 1923 चा कामगार नुकसानभरपाई कायदा 2010 पासून ‘कर्मचारी नुकसानभरपाई कायदा’ या नावाने ओळखला जाऊ लागला. दावा पहिल्यांदा चालतो तो आयुक्तांपुढे. महाराष्ट्रात हे काम कामगार न्यायालयाचे न्यायाधीश, तर काही जिल्ह्यांत वरिष्ठ स्तराचे दिवाणी न्यायाधीश करतात. त्यावर अपील थेट उच्च न्यायालयात होते. 21 नोव्हेंबर 2025 पासून या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 ने घेतली. तिच्यात आयुक्तांऐवजी ‘सक्षम प्राधिकारी’ असला, तरी अपील उच्च न्यायालयातच जाते. पुढची माहिती 1923 च्या कायद्याला धरून आहे, कारण आधीच्या अपघातांचे दावे त्याच कायद्याखाली उभे आहेत.

गैरसमज 1 : चूक मयताचीच होती, त्यामुळे भरपाई मिळणार नाही.

वस्तुस्थिती : मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याची अट या कायद्यात नाही. अपघात कामामुळे आणि काम चालू असताना झाला, एवढे दाखवावे लागते. दारूच्या अमलाखाली असणे, सुरक्षेचा नियम जाणूनबुजून मोडणे, यंत्राचे संरक्षक कवच मुद्दाम काढणे, असे बचाव मालकाला कायद्याने दिले आहेत. पण ते दुखापतीच्या दाव्यापुरते. अपघातात मृत्यू झाला किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले, तर यातला एकही बचाव चालत नाही. ‘हेल्मेट घातलं नव्हतं’ एवढ्या एका वाक्यावर मृत्यूचा दावा फेटाळता येत नाही.

कामाशी संबंध मात्र दाखवावाच लागतो. कामावर असताना हृदयविकाराचा झटका आला, म्हणून भरपाई आपोआप मिळत नाही. कामाच्या ताणाने तो झटका ओढवला किंवा त्याला हातभार लागला, हे पुराव्यातून दिसले पाहिजे. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका ट्रकचालकाच्या कुटुंबाची भरपाई मान्य केली. दिल्लीहून निघून हजाराहून अधिक किलोमीटर ट्रक चालवत गेल्यावर त्याला वाटेतच मृत्यूने गाठले होते. इतक्या लांबच्या प्रवासाचा ताण हाच तिथे कामाशी जोडणारा दुवा ठरला.

गैरसमज 2 : रोजंदारीचा, ठेकेदाराचा माणूस या कायद्यात बसत नाही.

वस्तुस्थिती : नैमित्तिक मजुरांना वगळणारी जुनी तरतूद 2000 च्या दुरुस्तीने गेली. काम ठेकेदारामार्फत करून घेतले, पण ते मूळ मालकाच्या नेहमीच्या धंद्याचाच भाग असेल आणि अपघात त्याच्या ताब्यातल्या जागेत घडला असेल, तर दावा मूळ मालकावर करता येतो. ठेकेदाराकडून ती रक्कम वसूल करणे ही मग मालकाची जबाबदारी. विमा काढलेला नव्हता, ही सबबही कुटुंबाच्या आड येत नाही. देणे मुळात मालकाचे असते. विमा कंपनी असली तर तिच्याकडून वसुली होते, एवढेच.

गैरसमज 3 : कामावर जाता-येता झालेला अपघात हा कामाचा अपघात नव्हे.

वस्तुस्थिती : यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा महत्त्वाचा निकाल धाराशिव जिल्ह्यातल्या एका दाव्यात झाला. साखर कारखान्याचा एक रखवालदार एप्रिल 2003 मध्ये पहाटे 3 च्या पाळीसाठी मोटारसायकलवरून निघाला. कारखाना सुमारे पाच किलोमीटरवर असताना अपघात झाला आणि तो गेला. पत्नी, मुले आणि आई यांनी दावा केला. आयुक्तांनी 2009 मध्ये 3,26,140 रुपये व्याजासह मंजूर केले. उच्च न्यायालयाने 2011 मध्ये तो आदेश रद्द केला, कारण अपघात कामाच्या जागी झाला नव्हता. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आयुक्तांचा आदेश पुन्हा कायम केला.

न्यायालयाने आधार घेतला तो कर्मचारी राज्य विमा कायद्याच्या कलम 51ई चा. घर ते कामाची जागा या प्रवासातला अपघात हा कामातलाच मानावा, असे ते कलम सांगते. अट एवढीच की परिस्थिती, वेळ आणि ठिकाण यांचा नोकरीशी संबंध दिसला पाहिजे. 2010 मध्ये आलेले हे कलम आधीच्या अपघातांनाही लागू पडते आणि तोच अर्थ भरपाईच्या कायद्यातही घ्यावा, असे न्यायालयाने ठरवले. पाळीची वेळ, नेहमीचा रस्ता आणि कारखान्याकडे जाण्याची दिशा या तिन्ही गोष्टी या प्रकरणात जुळत होत्या. कुटुंबाला न्याय मिळायला बावीस वर्षे लागली, याची खंत वाटल्याशिवाय राहत नाही. पण आता हाच मुद्दा दुसऱ्या कुणाला शून्यापासून लढावा लागणार नाही.

गैरसमज 4 : मालकाने पैसे दिले, सही घेतली, प्रकरण मिटले.

वस्तुस्थिती : मृत्यूची भरपाई आयुक्तांकडे जमा करावी लागते. घरी येऊन परस्पर हातात ठेवलेली रक्कम कायद्याच्या लेखी भरपाई ठरत नाही. फक्त अवलंबितांना दिलेली, तीन महिन्यांच्या वेतनापर्यंतची आगाऊ रक्कम वजा होऊ शकते. ‘यापुढे काही मागणार नाही’ असे स्टॅम्पपेपरवर लिहून घेतले असले, तरी कायद्याने दिलेला हक्क सोडून देणारा करार रद्दबातल असतो.

रक्कम किती, हे मालकाच्या मर्जीवर नाही, सूत्रावर ठरते. मृत्यूच्या दाव्यात मासिक वेतनाच्या निम्म्या रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणतात. जानेवारी 2020 च्या अधिसूचनेप्रमाणे हिशेबासाठी वेतन जास्तीत जास्त 15,000 रुपये धरले जाते. 30 वर्षांच्या कामगारासाठी गुणक 207.98 आहे. म्हणजे 7,500 गुणिले 207.98, एकूण 15,59,850 रुपये. ‘दोन लाखांत मिटवू’ असा निरोप घेऊन कुणी दारी आला, तर हा आकडा त्याच्यापुढे ठेवावा.

गैरसमज 5 : आयुक्तांपुढे काय झाले याला फार महत्त्व नाही, अपिलात सगळे नव्याने तपासले जाते.

वस्तुस्थिती : सर्वांत जास्त नुकसान याच समजुतीने होते. कलम 30 खालचे अपील म्हणजे दुसरी सुनावणी नव्हे. कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न गुंतलेला असेल, तरच उच्च न्यायालय ते ऐकते. भरपाईच्या आदेशाविरुद्धच्या अपिलात वादातली रक्कम किमान 10,000 रुपयांची असावी लागते आणि मुदत 60 दिवसांची असते. सबळ कारण असेल तर उशीर माफ होऊ शकतो.

अपघात झाला का, मयत त्या मालकाकडे कामाला होता का, त्याचे वय आणि वेतन किती, त्याच्यावर कोण अवलंबून होते, अपंगत्व किती, हे सारे वस्तुस्थितीचे प्रश्न. सर्वोच्च न्यायालयाने 2018 च्या एका निकालात अशा प्रश्नांची यादीच दिली आणि ते ठरवण्याचे काम आयुक्तांचे, असे सांगितले. त्याआधीही एका निकालात न्यायालयाने बजावले होते की, वस्तुस्थितीबाबत आयुक्त हेच शेवटचे प्राधिकरण आहेत आणि पुरावा नव्याने तोलून उच्च न्यायालयाने आपले मत त्यांच्या जागी बसवू नये.

मग अपिलात बदलते काय? आयुक्तांनी कायद्याचा अर्थ चुकीचा लावला, पुरावाच नसताना निष्कर्ष काढला, समोर असलेला महत्त्वाचा पुरावा पाहिलाच नाही किंवा व्याज चुकीच्या तारखेपासून धरले, तर उच्च न्यायालय हस्तक्षेप करते. धाराशिवचा दावा सर्वोच्च न्यायालयात टिकला, कारण पाळीची वेळ आणि अपघाताची जागा याबद्दल वाद उरला नव्हता. वाद होता तो कायद्याच्या अर्थाचा.

याचा कुटुंबासाठी अर्थ सरळ आहे. पहिल्या सुनावणीत न आलेली साक्ष अपिलात सहसा येत नाही. सोबत काम करणारा मजूर, पाळीचा कागद, बँकेत जमा झालेल्या पगाराची नोंद, पोलिसांचा पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, हे आयुक्तांपुढे यायला हवे. मालकाच्या साक्षीदाराची उलटतपासणीही तिथेच व्हायला हवी. बाजूने निकाल लागला, तर हीच नोंद अपिलात कुटुंबाची ढाल बनते. विरोधात लागला आणि नोंदच कच्ची असेल, तर उच्च न्यायालयाच्या हातात फार काही उरत नाही.

गैरसमज 6 : मालक अपिलात गेला की पैसे अडकले.

वस्तुस्थिती : मालकाला भरपाईच्या आदेशाविरुद्ध अपील करायचे असेल, तर आधी भरपाईची रक्कम आयुक्तांकडे जमा करावी लागते आणि तसे प्रमाणपत्र अपिलासोबत जोडावे लागते. प्रमाणपत्र नसेल, तर अपील दाखलच होऊ शकत नाही. कामगाराच्या बाजूने झालेल्या अपिलाला ही अट नाही. अपील चालू असेपर्यंत रक्कम रोखून ठेवण्याची आयुक्तांना मुभा देणारे कलम 30ए 2017 च्या दुरुस्तीने वगळण्यात आले. उच्च न्यायालय स्थगिती देऊ शकते, पण तिला विरोध करता येतो आणि रकमेचा काही भाग काढून घेण्याची परवानगीही मागता येते.

विलंब मालकाला फुकट पडत नाही. 1975 मध्ये एका सुताराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या चार न्यायाधीशांच्या पीठाने ठरवले की, भरपाई देय होते ती अपघाताच्या दिवशी, आयुक्तांच्या निकालाच्या दिवशी नव्हे. त्या सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याची कमावण्याची क्षमता पूर्ण गेली, असेही त्याच निकालात मानले गेले. एका महिन्यात रक्कम दिली नाही, तर वर्षाला किमान 12 टक्के सरळ व्याज लागते. योग्य कारणाशिवाय टाळाटाळ केली, तर भरपाईच्या 50 टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो आणि हा दंड विमा कंपनीवर ढकलता येत नाही. वरच्याच उदाहरणात सहा वर्षे उशीर झाला, तर नुसते व्याज 11,23,092 रुपये होते.

गैरसमज 7 : अपघात परजिल्ह्यात झाला, आता वेळही गेली.

वस्तुस्थिती : दाव्याची मुदत दोन वर्षांची आहे आणि पुरेसे कारण असेल तर आयुक्त उशिराचा दावाही घेऊ शकतात. दावा लावायला अपघाताच्या गावी जावे लागत नाही. बीडच्या ऊसतोड कामगाराचा कोल्हापूरकडे अपघातात मृत्यू झाला, तर त्याची पत्नी आपल्या राहत्या भागातल्या आयुक्तांकडे अर्ज करू शकते.

गैरसमज 8 : ईएसआय असले तरी हाही दावा लावता येतो.

वस्तुस्थिती : मृत कामगार कर्मचारी राज्य विमा योजनेत (ईएसआय) असेल, तर मालकाविरुद्ध हा दावा चालत नाही. पण कुटुंबाचा हक्क बुडत नाही; अवलंबितांना दरमहा निवृत्तिवेतनासारखा लाभ मिळतो. त्यातला वाद कर्मचारी विमा न्यायालयात जातो आणि पुढे कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावर उच्च न्यायालयात. अपंगत्वाची टक्केवारी वैद्यकीय मंडळ ठरवते. ती मान्य नसेल, तर वैद्यकीय अपील न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते.

हे सगळे वकिलाच्या फीवर येऊन अडते, असे अनेकांना वाटते. तेही खरे नाही. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रियांना आणि औद्योगिक कामगारांना मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. नवरा कामावर गमावलेल्या स्त्रीने तालुका किंवा जिल्हा विधी सेवा कार्यालयात जावे; मोफत वकिलासाठीचा अर्ज कुणाच्याही ओळखीशिवाय करता येतो. मालकाकडून आलेल्या कागदावर सही करण्याआधी तिने ते कार्यालय गाठले आणि साक्षीदारांची नावे, पगाराच्या नोंदी, पोलिसांचे कागद पहिल्या महिन्यातच गोळा केले, तर उद्या मालक अपिलात गेला तरी तिला घाबरण्याचे कारण नाही. तो लढा तिने आयुक्तांपुढेच बऱ्याच अंशी जिंकलेला असेल.