आजीचा डबा, माझी कढई

मे महिन्यात बोईसरच्या घरात तुपाला घट्ट राहायला सांगणं म्हणजे राजधानी एक्स्प्रेसला उमरोळीला थांबायला सांगण्यासारखं आहे. मला हे कळलं तेव्हा उशीर झाला होता. कढईचं झाकण उघडलं तर आत ठेवलेल्या सात नानकटाया गायब आणि त्यांच्या जागी एकच, ताटलीएवढी, कडेला करपलेली भाकरी. आजीने डोळ्यांवरचा काळा चष्मा वर केला (मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालंय), एक तुकडा मोडला आणि म्हणाली, "चव बरी आहे हो."

तिच्यासाठीच करत होते. डोळ्यात थेंब घालून पडून राहायचं, टीव्ही नाही, मोबाइल नाही, त्यामुळे तिला दिवसभर जुनं काहीबाही आठवतं. त्यात एकदा आली नानकटाई. दुकानातली पाकिटातली नाही, "आपली, घरची". मग मी वही घेऊन बसले. सांग रेसिपी.

"एक किलो मैदा, पाऊण किलो साखर, पाऊण किलो डालडा."

पुढे?

"पुढचं मला काय माहीत? पुढचं भट्टीवाल्याला माहीत."

तुमच्या घरी कुणी साठीच्या पुढचं असेल तर विचारून बघा, बहुतेक असंच उत्तर मिळेल. कारण तेव्हा घरात ओव्हन नव्हताच. दिवाळीच्या आधी किंवा मेच्या सुट्टीत मैदा, पिठीसाखर, डालडा, वेलची असं सगळं सामान घेऊन जवळच्या बेकरीत जायचं. सोबत पत्र्याचा रिकामा डबा, त्यावर नावाची चिठ्ठी. पाव भाजून झाले की भट्टीची उरलेली धग असायची, तिच्यावर हे घरगुती ट्रे लागायचे. मळणार बेकरीतला माणूस, मजुरी किलोवर. घरातल्या पोरांचं काम एकच, रांगेत बसून आपल्या सामानावर नजर ठेवायची, नाहीतर आपला डालडा दुसऱ्याच्या परातीत! म्हणजे आजी ज्या नानकटाईला पन्नास वर्षं घरची म्हणतेय, ती घरात कधी झालीच नव्हती.

बरं, तिचा प्रवासही आपल्याच रेल्वेलाइनवरचा. सुरतेत सतराव्या शतकापासून डचांची वखार होती. सांगतात की तिथे एका डच जोडप्याने बेकरी काढली आणि देश सोडताना ती फरामजी पेस्तनजी दोटीवाला या पारशी गृहस्थांच्या हवाली केली. डच पावात अंडं असायचं आणि पीठ फुगवायला ताडी, त्यामुळे बरेच लोक त्याला हात लावेनात. मग अंडं गेलं, ताडी गेली, आणि मैदा, तूप, साखर एवढ्यावर बिस्किट उभं राहिलं. दोटीवालांची बेकरी सुरतेत आजही आहे. नावातलं 'नान' म्हणजे फारसीत भाकर-पाव, आणि 'खताई' म्हणजे चीनकडचं, असं एक मत. मराठीत येईपर्यंत त्याचं कटाई झालं.

ताडीचं वाचून मला हसू आलं. पालघर-डहाणूच्या पट्ट्यात ताडी कशाला वापरतात हे तुम्हाला सांगायला नको! पण आपल्याच जिल्ह्यात, वसईकडच्या ख्रिस्ती घरांमध्ये फुगे करताना पीठ ताडीने फुगवायची पद्धत आहे. सुरतेत जे गळलं ते इथे टिकलं.

आता माझ्या भाकरीकडे येऊ. नानकटाई खुसखुशीत होते ती तुपामुळे. मैद्यात पाणी घालून मळलं की ग्लुटेन तयार होतं, पीठ चिवट होतं. चपातीला ते हवं असतं, इथे नको. तुपाचा थर मैद्याच्या कणांना वेढतो आणि ग्लुटेन जुळू देत नाही. पण हे तूप घट्ट, रवाळ पाहिजे. पातळ तुपात फेटताना हवा धरली जात नाही, आणि गरम कढईत गोळा भाजून घट्ट होण्याआधीच पसरतो. मी घेतलेलं तूप ओट्यावर दुपारभर बसून पातळ झालं होतं. दुसऱ्यांदा ते आधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवलं, आणि गोळे वळून झाल्यावर तेही वीस मिनिटं.

प्रमाण लिहून घ्या. तूप 120 ग्रॅम आणि पिठीसाखर 100 ग्रॅम, हाताने पांढरं आणि हलकं होईपर्यंत फेटायचं. हात दुखतो, दुखू द्या, सगळी गंमत इथेच आहे. मग मैदा 150 ग्रॅम, बेसन 50 ग्रॅम, दोन चमचे बारीक रवा, अर्धा छोटा चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ, वेलची-जायफळ. पाणी, दूध काही नाही. मळायचं नाही, फक्त गोळा करायचा. फुटतोय असं वाटलं तर अजून चमचाभर तूप. लिंबाएवढे गोळे, किंचित दाबून, मध्ये भरपूर अंतर ठेवून.

बेकऱ्यांमध्ये फुगवायला 'अमोनिया' घालतात, म्हणजे अमोनियम बायकार्बोनेट. भाजताना त्याचा वायू निघून जातो आणि बिस्किट हलकं होतं. बोईसरमध्ये अमोनिया शब्द ऐकल्यावर आधी पळावंसं वाटतं ते सोडा, पण घरी त्याची गरज नाही.

ओटीजी असेल तर 160 अंशांवर 18-20 मिनिटं. माझ्याकडे नाही, म्हणून जुनी जाड कढई. तळाला अर्धा इंच जाड मीठ, त्यावर स्टँड, घट्ट झाकण, मध्यम गॅसवर दहा मिनिटं तापवून मग ताटली आत आणि गॅस मंद. पंचवीस मिनिटं. काढल्यावर मऊ लागतात, तेव्हा 'कच्च्या राहिल्या' म्हणून परत आत टाकू नका. थंड झाल्या की आपोआप कडक होतात.

दुसऱ्या वेळेस सातच्या सात सुट्या निघाल्या, वर भेगा पडलेल्या. आजीने दोन खाल्ल्या, चहात बुडवून. मग म्हणाली, "छान झाल्यात. पण धूर नाही लागला यांना."

धुराचं काय करायचं? जानेवारी 2025 मध्ये उच्च न्यायालयाने मुंबईतल्या लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं. तारापूर एमआयडीसीच्या हवेत वाढलेल्या मला धुराची बाजू घेता येत नाही. तरी पालघरला उतरून एका जुन्या बेकरीत विचारून आले. तिथे अजून लाकडाची भट्टी आहे. घरचं सामान भाजून देता का, म्हटल्यावर चाचा आधी हसले. "अब कौन लाता है, बेटा?" मग म्हणाले, रविवारी अकराला पाव निघाले की या, पण दोन किलो मैद्याच्या खाली भट्टी लावणार नाही.

दोन किलो मैद्याच्या नानकटाया आमच्या घरात कोण खाणार? कॉलेजच्या ग्रुपवर टाकलं. अर्धा-अर्धा किलोला तिघी तयार झाल्या, एकीची आई पण येणार आहे. डालडाऐवजी तूप घ्यायचं ठरलंय, खर्च वाटून.

आजीला डोळ्यांमुळे प्रवास नाही, ती येणार नाही. पण कालपासून माळ्यावरचा पत्र्याचा डबा काढून द्या म्हणून बाबांच्या मागे लागलीय, आणि चिठ्ठीवर नाव मोठ्या अक्षरात लिही, असं मला तीनदा सांगून झालंय.