निमित्त आणि कारण : भिवंडीच्या दंगलीचे कागद काय सांगतात?

कळव्याहून भिवंडी फार लांब नाही. इथल्या वडीलधाऱ्यांना १९८४ चा मे महिना आठवत असेल. पण आज बोलायचंय ते त्याच्याही आधीच्या, ७ मे १९७० च्या दंगलीबद्दल, आणि तिच्यावर न्या. डी. पी. मादन यांच्या चौकशी आयोगाने दिलेल्या अहवालाबद्दल. भिवंडी, जळगाव आणि महाड इथल्या घटनांची चौकशी या आयोगाकडे होती. त्या दंगलींत दीडशेहून अधिक माणसं मेली.

तत्त्वज्ञान शिकवताना आम्ही मुलांना पहिल्यांदा सांगायचो, निमित्त आणि कारण यांची गल्लत करू नका. काडी हे निमित्त, पण गवत वाळलेलं का होतं? मादन अहवालाचं मोल नेमकं इथेच आहे. शिवजयंतीची मिरवणूक निघाली, तिच्यात मुद्दाम चिथावणी दिली गेली, हे निमित्त अहवाल स्पष्टपणे नोंदवतो. पण तो तिथे थांबत नाही, आधीची कित्येक वर्षं मागे जातो. मिरवणुकीचा मार्ग, गुलाल, घोषणा यांवरून झालेले वाद. राष्ट्रीय उत्सव मंडळ आणि मजलिस तामीर-ए-मिल्लत यांच्या हालचाली, चिथावणीची भाषणं, शांतता समितीच्या बैठका, सगळं तो तपासतो. गवत कसं वाळत गेलं, ते त्यातून दिसतं.

दुसरा मुद्दा पुराव्याचा. न्यायशास्त्रात शब्द हे प्रमाण आहे, पण तो आप्ताचा, म्हणजे जाणत्या आणि खरं बोलणाऱ्या माणसाचा असेल तरच. मग सरकारी कागद आप्त का? भिवंडीच्या विशेष तपास पथकाने दंगल हा मुस्लिमांचा पूर्वनियोजित कट होता, अशी मांडणी केली. आयोगाने ती मान्य केली नाही. उलट तपासच पक्षपाती झाल्याचं म्हटलं. म्हणजे शिक्का आहे म्हणून कागद खरा होत नाही. एका कागदासमोर दुसरा ठेवावा लागतो, साक्षीदाराला उलटतपासणीला उभं करावं लागतं.

आता कुणी विचारेल, मग शिक्षा किती जणांना झाली? इथे एक लक्षात घ्या. १९५२ च्या चौकशी आयोग कायद्याखालचा अहवाल म्हणजे न्यायालयाचा निकाल नव्हे. तो सरकारला बंधनकारक नसतो. श्रीकृष्ण आयोगाने १९९२-९३ च्या मुंबई दंगलींतल्या ९०० मृत्यूंची नोंद केली; तो अहवालही सरकारने मोडीत काढला.

मादन अहवाल १९७५ चा. नऊ वर्षांनी, १९८४ मध्ये भिवंडी पुन्हा पेटली आणि झळ ठाणे-कल्याण-मुंबईपर्यंत आली. कपाटातला अहवाल आग विझवत नाही, हे तेव्हा कळलं.

पण पुढचंही सांगितलं पाहिजे. १९८८ मध्ये पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी भिवंडीत मोहल्ला समित्या सुरू केल्या. दोन्ही समाजांतली साधी माणसं पोलिसांसोबत नियमित बसू लागली. मिरवणुकीच्या आदल्या रात्रीच तेवढी नव्हे, वर्षभर. डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई जळत होती, तेव्हा भिवंडी शांत राहिली.

आमचं म्हणणं एवढंच : हे कागद कुणाला दोष द्यायला हत्यार म्हणून वाचू नयेत. आपल्या गल्लीत गवत वाळतंय का, ते वेळेत ओळखायला वाचावेत.