कर्मचाऱ्यांच्या सुरक्षिततेवरील शासकीय खर्च : समर्थनाची भाषा

सार्वजनिक पैशाच्या विनियोगाचा विचार अर्थशास्त्र व लोकप्रशासन या शास्त्रांकडे सोपविण्याचा प्रघात आहे. परंतु कोणताही शासकीय खर्च प्रथम एका वाक्याच्या रूपाने अस्तित्वात येतो. तालुक्याच्या कार्यालयातून प्रस्ताव निघतो, त्यावर टिप्पणी लिहिली जाते, वरिष्ठ कार्यालय ‘समर्थन’ मागते आणि ते पुरेसे वाटले तरच मंजुरी मिळते. कर्मचाऱ्यांची सुरक्षितता व तिच्यासाठी लागणारी साधने यांवरील खर्चाच्या बाबतीत हे समर्थन विशेष कठीण असते. बांधलेला रस्ता मोजता येतो, खोदलेली विहीर दाखविता येते. परंतु सुरक्षिततेवरील खर्चाचे फळ म्हणजे न घडलेला अपघात होय, आणि जे घडलेच नाही त्याची नोंद कोणत्याही वहीत होत नाही. असे समर्थन कसे लिहिले जाते, त्यात कोणती उणीव राहते आणि ती कशी दूर करता येईल, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

उदाहरणादाखल जालना जिल्ह्यातील मंठा तालुका घेऊ. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता व तेथील कारभार उर्दूतून चाले. पुढे तो परतूर तालुक्याचा भाग म्हणून परभणी जिल्ह्यात होता. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा निर्माण झाला तेव्हा परतूरबरोबर तो नव्या जिल्ह्यात आला. या काळात कारभाराची भाषा बदलली आणि पदांची नावेही बदलली. पटवाऱ्याचा तलाठी झाला आणि २०२४ साली तलाठ्याचा ‘ग्राम महसूल अधिकारी’ झाला. मात्र पूर्णा नदीच्या पात्रातील वाळूची बेकायदा वाहतूक रोखण्यासाठी ज्याला जावे लागते तो मनुष्य महसूल खात्याच्या याच खालच्या पायरीवरचा असतो, ही गोष्ट नामांतराने बदलत नाही.

या कामाचा कायदेशीर आधार स्पष्ट आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ याच्या कलम ४८ अन्वये गौण खनिजाच्या अनधिकृत उत्खननाबद्दल दंड करता येतो. वाहने व यंत्रसामग्री अटकावून ठेवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यास आणि त्याने प्राधिकृत केलेल्या, तहसीलदाराहून कमी दर्जाच्या नसलेल्या अधिकाऱ्यास आहे. कलमात वाहनाचा निर्देश आहे, दंडाचा आहे, अधिकाऱ्याच्या दर्जाचाही आहे. परंतु भरलेले वाहन अडविणारा माणूस तेथे कोणत्या वाहनाने जाईल, त्याच्यासोबत कोण असेल, त्याच्याजवळ प्रकाशाचे व संपर्काचे साधन कोणते असेल, यांविषयी ते मौन पाळते. कायद्याने तसे मौन पाळणे स्वाभाविकच आहे. ते भरून काढणे हे अर्थसंकल्पाचे काम असते. आज्ञा आणि साधन ही एकाच वाक्याची दोन अंगे आहेत. आज्ञा दिली व साधन दिले नाही, तर ते वाक्य अपुरे राहते. ते पुरे करण्याचा भार ज्याला आज्ञा झाली त्याच्या देहावर पडतो.

आता प्रस्तावाच्या भाषेकडे वळू. अशा प्रस्तावातील वाक्य बहुधा पुढील धर्तीचे असते : “कर्मचाऱ्यांच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने आवश्यक ते साहित्य खरेदी करण्यास मान्यता देण्यात यावी.” व्याकरणदृष्ट्या त्यात दोष नाही. ‘-ण्यात यावी’ ही रचना शासकीय मराठीत रूढ आहे आणि व्यक्तिनिरपेक्षता हा तिचा गुणच मानला जातो. परंतु या रचनेत कर्ता लोपतो. ‘आवश्यक ते’ या शब्दांमागे कोणती वस्तू आहे हे कळत नाही. ‘सुरक्षितता’ या भाववाचक नामामागे कोणता धोका आहे हेही कळत नाही. ज्याला धोका आहे तो माणूस षष्ठीच्या अनेकवचनात विरून गेलेला असतो. ज्या वाक्यात ना माणूस आहे, ना धोका, ना वस्तू, ते वाक्य वाचून वरिष्ठ अधिकाऱ्याने ‘समर्थन पुरेसे नाही’ असा शेरा मारला, तर त्याला सर्वस्वी दोष देता येत नाही.

दुर्घटना घडल्यावर मात्र हीच भाषा पालटते. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी, जवळ लाठीखेरीज शस्त्र नसताना, अजमल कसाबची रायफल पकडून ठेवली व गोळ्या झेलल्या. त्याच रात्री हेमंत करकरे, अशोक कामटे व विजय साळसकर हे अधिकारी मारले गेले आणि पोलिसांच्या जॅकेटांच्या दर्जाविषयी पुढे दीर्घकाळ जाहीर प्रश्न विचारले गेले. २५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना मनमाडजवळ इंधनाच्या भेसळीची तपासणी करीत असता जाळून मारण्यात आले. या प्रसंगांनंतर लिहिलेल्या प्रत्येक वाक्यात माणसाचे नाव आहे, स्थळ आहे आणि हातात काय होते व काय नव्हते याची नोंद आहे. ओंबळे यांना अशोकचक्र मिळाले ते यथार्थच होय. परंतु शौर्य हा खरेदीचा पर्याय नव्हे. मृत्यूनंतर जो तपशील शासनाला लिहिता येतो, तो मृत्यूपूर्वी प्रस्तावात का येऊ नये, हा या विषयातील मूळ प्रश्न आहे.

तो येऊ शकतो, याचे प्रमाण एका कायद्यातच सापडते. हाताने मैला उचलण्यास प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या अधिनियमात गटार वा मलटाकी यांच्या ‘धोकादायक सफाई’ची व्याख्या आहे. मालकाने संरक्षक साधने व सफाईची उपकरणे न पुरविता आणि सुरक्षिततेची दक्षता न घेता करविलेली सफाई ती धोकादायक, असे तिचे तात्पर्य आहे. येथे धोका हा कामाचा अंगभूत गुण मानलेला नाही. साधनाच्या अभावाने तो सिद्ध होतो. ही व्याख्या वस्तुस्थितीशीही जुळते. बंद गटारात प्राणवायू कमी असतो व हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू साचतो. थोड्या प्रमाणात त्याला कुजक्या अंड्याची दुर्गंधी येते. परंतु प्रमाण वाढले की घ्राणशक्तीच बधिर होते आणि वास येईनासा होतो. म्हणजे जेथे संकट सर्वांत मोठे, तेथे नाक इशारा देत नाही. तोंडावर बांधलेल्या फडक्याने प्राणवायू मिळत नाही. त्यासाठी वायुमापक यंत्र, बाहेरून हवा पुरविणारा मुखवटा, कमरेचा पट्टा, दोर आणि वर उभा राहणारा जाणता सहकारी हवा. आणि शक्य तेथे माणूस आत न उतरविता यंत्रानेच काम करविणे हे सर्वांत श्रेयस्कर. ‘आवश्यक ते साहित्य’ या शब्दांचा खरा अर्थ असा उलगडतो.

यावर काटकसरीचा आक्षेप घेतला जातो. परंतु मुंबई वित्तीय नियम, १९५९ यांतील वित्तीय औचित्याचे तत्त्वच असे आहे की, सामान्य विवेकी मनुष्य स्वतःच्या पैशाच्या बाबतीत जी दक्षता घेईल तीच अधिकाऱ्याने सार्वजनिक पैशाच्या बाबतीत घ्यावी आणि प्रसंगाच्या मानाने खर्च अधिक नसावा. मराठीत ‘प्रसंग’ या शब्दाला निमित्त असाही अर्थ आहे आणि संकट असाही. हिशेब तपासणारा पहिला अर्थ घेतो, नदीपात्रात उभा असलेला दुसरा. दोन्ही अर्थ एकत्र ठेवले तरच औचित्य ठरते. शिवाय साधन न घेतल्याने खर्च टळतो असेही नाही. गटारातील मृत्यूबद्दल १० लाख रुपये भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ रोजी ठरविले. २० ऑक्टोबर २०२३ रोजी ती रक्कम ३० लाख झाली. लोकसेवकावरील हल्ल्यास शिक्षा देणारी तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम १३२ मध्ये आहे. भरपाई व शिक्षा दोन्ही आवश्यक आहेत, पण दोन्ही उत्तरकालीन आहेत.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : सुरक्षेच्या नावाखाली प्रतिष्ठेचा खर्च होतो. तो नाकारण्याचे कारण नाही. मोटारींवरील लाल दिवे १ मे २०१७ पासून देशभर काढावे लागले, यावरून अधिकारपदाची चिन्हे किती पसरली होती हे दिसते. परंतु या आक्षेपाचे उत्तर खर्च थांबविणे हे नसून तो धोक्याच्या मागोमाग नेणे हे आहे. जेथे धोका जातो तेथे साधन जाते काय, एवढीच कसोटी लावावी. तिने कार्यालयातील शोभा बाद ठरेल आणि कंत्राटी सफाई कामगाराचा मुखवटा मान्य होईल. कारण विषारी वायू नेमणुकीचा प्रकार पाहत नाही. जडवस्तू नोंदवहीत चढून कपाटात कुलूपबंद झालेले साधनही या कसोटीस उतरत नाही. म्हणूनच प्रशिक्षण, दुरुस्ती व मुदत संपलेल्या वस्तू बदलणे यांचा आवर्ती खर्च मूळ प्रस्तावातच दाखवावा लागतो.

या विवेचनाच्या आधारे समर्थनाचे वाक्य पुढीलप्रमाणे लिहिता येईल : “पूर्णा नदीच्या पात्रात रात्री वाळूची वाहने अडविण्यास ग्राम महसूल अधिकारी जातात, त्यांच्या अंगावर वाहन येण्याचा व त्यांना मारहाण होण्याचा धोका आहे, यास्तव प्रत्येक पथकास एक शासकीय वाहन, दूरवर प्रकाश टाकणाऱ्या विजेऱ्या, संपर्कसाधन व पोलीस सोबत द्यावी, त्यांची तपासणी तहसीलदारांनी दरमहा करावी.” या वाक्यात कर्ता आहे, क्रिया आहे, धोका आहे, साधन आहे आणि उत्तरदायी अधिकारीही आहे. ते नामंजूर करणाऱ्याला आपण नेमके काय नाकारीत आहोत हे जाणूनच स्वाक्षरी करावी लागेल.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी पुष्कळ जण पुढे शासकीय सेवेत जातात आणि अशाच टिप्पण्या लिहितात. वाक्यातील कर्त्याचा लोप हा त्यांच्या दृष्टीने केवळ व्याकरणाचा विषय राहता कामा नये. जो माणूस वाक्यातून गळतो, तो बहुधा अंदाजपत्रकातूनही गळतो.