लहान इंजिन, मोठं ओझं
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

अमेरिकेत पिकअप ट्रक म्हटला की आठ सिलिंडरचं मोठं इंजिन, हे समीकरण अनेक वर्षं ठरलेलं होतं. फोर्ड कंपनीने एफ-१५० या ट्रकमध्ये २०११ च्या मॉडेलपासून सहा सिलिंडरचं साडेतीन लिटरचं टर्बो इंजिन द्यायला सुरुवात केली. २०१५ च्या मॉडेलला त्याहूनही लहान, २.७ लिटरचं इंजिन आलं. त्याची ताकद ३२५ अश्वशक्ती. एवढंसं इंजिन ओझं ओढेल का आणि पेट्रोल खरंच वाचवेल का, हे दोन प्रश्न घेणाऱ्यापुढे उभे राहिले.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मालक आनंदाने देतात. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूच्या जोरावर टर्बोचं चाक मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतं आणि त्याच दांड्यावरचं दुसरं चाक ताजी हवा दाबून आत ढकलतं. कोलोरॅडोतला आयझेनहॉवर बोगदा सुमारे ३४०० मीटर उंचीवर आहे. तिथल्या विरळ हवेत साध्या इंजिनाचा दम तुटतो. टर्बोचा मात्र बराचसा टिकतो.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इतकं सरळ नाही. २.७ लिटरच्या, मागच्या चाकांवर चालणाऱ्या ट्रकला सरकारी चाचणीत सरासरी गॅलनला २२ मैल मिळाले, म्हणजे लिटरला नऊ किलोमीटरहून थोडे अधिक. पण मागे मोठी ट्रेलर जोडली की हा आकडा निम्म्यावर येतो, असं सांगणारे मालक पुष्कळ. यात फसवणूक नाही. जास्त हवेला जास्त पेट्रोल लागतंच. शिवाय चढावर तापलेले भाग वाचवण्यासाठी इंजिन आणखी थोडं पेट्रोल सोडतं. काटकसर आणि ताकद दोन्ही मिळतात, पण एकाच वेळी नाही.

दाबलेली हवा तापते, म्हणून ती इंटरकूलरमध्ये थंड करावी लागते. साडेतीन लिटरच्या सुरुवातीच्या ट्रकांत दमट हवेत तिथे पाणी साचे आणि जोरात गाडी पळवली की ते इंजिनात जाऊन झटके बसत. अशा तक्रारींवरून २०१३ मध्ये अमेरिकेच्या वाहन सुरक्षा खात्याने प्राथमिक चौकशी सुरू केली. तेव्हा वापरलेला जुना ट्रक घेताना पावसाळी दिवशी लांबवर चालवून पाहावा.

आपल्याकडे घाट चढून भाजीपाला नेणाऱ्या पिकअपमध्येही टर्बो असतो, इंजिन मात्र डिझेलचं. टर्बोची पथ्यं सारखीच. ऑइल वेळेवर बदला, एअर फिल्टर स्वच्छ ठेवा, आणि घाट चढून थांबलात की इंजिन लगेच बंद न करता मिनिटभर चालू राहू द्या. आणि गाडी घेण्याआधी वहीत एक हिशेब मांडा: महिन्यातले किती दिवस भरलेली गाडी चालवायची आहे? बहुतेक दिवस रिकामी असेल, तर लहान इंजिन परवडतं. रोजच ओझं असेल, तर केवळ पेट्रोल वाचेल या आशेने ते घेऊ नका.