फ्लोरिडाच्या समुद्रातला आगंतुक

अंगावर तांबडे-पांढरे पट्टे, मोराच्या पिसाऱ्यासारखे पसरलेले पर आणि पाठीवर लांब काटे. लायनफिश हा मासा इतका देखणा की अमेरिकेत लोक तो हौसेने काचेच्या टाकीत पाळायचे. मूळचा तो हिंदी आणि प्रशांत महासागरातला, म्हणजे तसा आपल्याच बाजूचा. अटलांटिकशी त्याचा काही संबंध नव्हता. आज तो उत्तर कॅरोलिनापासून थेट ब्राझीलपर्यंत पसरला आहे.

पहिली नोंद १९८५ सालची. फ्लोरिडात डेनिया बीचजवळ शेवंडं धरायच्या सापळ्यात एक लायनफिश आला. एकच मासा, त्याचं काय एवढं! कोणी फारसं मनावर घेतलं नाही. १९९२ च्या अँड्र्यू वादळात टाकी फुटून सहा मासे समुद्रात गेले अशी गोष्ट अजून सांगतात, पण मासा तर त्याआधी सात वर्षं तिथे होताच. टाकीचा कंटाळा आला की मासे समुद्रात सोडून देणारी माणसंच याला कारण असावीत, असं जाणकार मानतात.

पुढची हकीकत बरीचशी पाणबुड्यांनी पाहिलेली. २००० साली उत्तर कॅरोलिनाजवळ बुडालेल्या जहाजावर डायव्हर मंडळींना तो दिसला. २००४ मध्ये बहामात, जानेवारी २००९ मध्ये की लार्गोला, २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात. की लार्गोची ‘रीफ’ ही संस्था हौशी डायव्हरांकडून अशा नोंदी जमवते. पगारी माणसं थोडी, पण पाण्यात उतरणारे डोळे हजारो.

नुकसान काय, तर हा मासा खातो फार. एक मादी वर्षाला सुमारे वीस लाख अंडी घालते आणि तिथले लहान मासे त्याला शत्रू म्हणून ओळखतच नाहीत. बहामाच्या लहान प्रवाळखडकांवर शास्त्रज्ञांनी मुद्दाम लायनफिश सोडून पाहिले. पाच आठवड्यांत नव्याने येणाऱ्या माशांची संख्या ७९ टक्क्यांनी घटली.

वेळेवर पाहिलं तर काय होतं, तेही अमेरिकेतच दिसलं. जून २००० मध्ये कॅलिफोर्नियात कार्ल्सबादच्या खाडीत समुद्री गवताची पाहणी करणाऱ्या पाणबुड्यांना कॉलर्पा नावाचं परकं शेवाळ दिसलं. सतरा दिवसांत काम सुरू झालं. ताडपत्रीखाली झाकून त्यावर क्लोरीन सोडलं. सत्तर लाख डॉलरच्या वर खर्च आला, पण २००६ मध्ये शेवाळ संपल्याचं जाहीर झालं. लायनफिशच्या बाबतीत ही संधी कधीच गेली. इस्रायलच्या किनाऱ्यालाही १९९१ साली एक लायनफिश सापडला होता, तो सुवेझ कालव्यातून आलेला. वीसेक वर्षांनी तो भूमध्य समुद्रात पसरू लागला.

आता फ्लोरिडात उपाय एकच, धरा आणि खा. भाल्याने मारायला परवाना लागत नाही, संख्येची मर्यादा नाही. जिवंत मासा बाहेरून आणायला २०१४ पासून बंदी आहे. मासे मारण्याच्या स्पर्धाही भरतात. मांस पांढरं, नरम, कालवणालाही बरं. खवले आणि पर दोन्ही आहेत, खवले मात्र बारीक. तेव्हा आपल्या मंडळींनी आधी हझानना विचारावं हे बरं. आणि साफ करताना जपा, अठरा काटे विषारी असतात. टोचलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवावा आणि डॉक्टरांकडे जावं.

डायव्हरांचा भाला पोचतो तिथले खडक बरेच मोकळे होतात. पण हा मासा ३०० मीटर खोलवरही राहतो, तिथे माणूस जाऊ शकत नाही. त्यासाठी स्टीव्ह गिटिंग्ज या सरकारी शास्त्रज्ञाने एक सापळा बनवला. तळाशी जाळं पसरून पडतं, मधली जाळी उभी राहते. लायनफिशला अशा उभ्या वस्तूच्या आडोशाला जमायची सवय. आमिष लागत नाही. सापळा वर ओढला की जाळं आपोआप मिटतं.