डस्टची गोणी, उकडलेली अंडी

पहाटे 4:50
लातूर. फुटबॉल शिकवणाऱ्या सरांची स्कूटर मैदानाच्या फाटकापाशी थांबते. पायाशी बॉलची जाळी, मागं दोरीनं आवळलेल्या चार गोण्या. सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या, एकात एक घालून सुतळीनं शिवलेल्या. आत वाळू नाही, खडी क्रशरचा डस्ट. वाळूचा भाव इथं घर बांधणाऱ्यालाच परवडत नाही. डस्ट एका ठेकेदारानं फुकट दिला. गोण्यांवर खडूनं लिहिलंय: 10, 10, 15, 20. सर आधी मैदान चालून बघतात. काच, खिळे, कुत्र्यानं उकरलेला खड्डा. मग फक्कीच्या चार रेघा. फक्कीची पिशवी पुरवून पुरवून वापरायची.

5:20
पोरं येतात. सतराच्या आतली, चौदा-पंधरा जण. अर्ध्यांच्या पाठीवर ट्यूशनचं दप्तर आहे, कारण इथून थेट तिकडंच जायचं. दोघांचे डोळे अजून मिटलेले.
“किती वाजता झोपलास?”
“साडेबारा, सर. टेस्ट होती.”
सर वहीत नावापुढं फुली मारतात. ही शिक्षा नव्हे. फुलीवाल्याला आज गोणी नाही, नुसतं पळणं आणि पासिंग. मला या वहीतला हा रकाना सगळ्यात शहाणा वाटला.

सुरुवात वीस मिनिटांच्या सरावानं. फिफानं ‘11+’ नावाचा जो क्रम बसवून दिला तोच: आधी हळू पळणं, मग ताकद, उड्या आणि तोल, शेवटी वेगात पळणं. साहित्य लागत नाही, म्हणून तो इथं चालतो. उड्या मात्र सर लांब उडीच्या खड्ड्यात घेतात. मैदान मुरमाचं, दगडासारखं. 2016 च्या उन्हाळ्यात ज्या गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं मैदानावर मारायला पाणी कोण मागणार? जुलै आहे, पण पाऊस भुरभुर करून गेलाय. वरची धूळ तेवढी बसली.

5:45
आता गोण्या. आठवड्यातून दोनच दिवस.
या जिल्ह्यात ताकद म्हटलं की तालीम. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार 1969 साली महाराष्ट्र केसरी झाले. म्हातारी माणसं अजून त्यांचं नाव काढतात. सरही तालमीतलेच. जोर त्यांनी ठेवलेत, बैठका ठेवल्यात, पण त्यात फेरफार केलाय. पैलवान दोन्ही पाय रोवून उभा राहतो. फुटबॉलवाला लाथ मारताना, वळताना, उतरताना एकाच पायावर असतो. म्हणून गोणी छातीशी धरून एक पाय पुढं टाकायचा, गुडघा वाकवायचा, उठायचं. सहा या पायावर, सहा त्या पायावर. गुडघा आत पडला की सर पायाच्या अंगठ्याकडं बोट दाखवतात: “तिकडं बघू दे त्याला.” दुसऱ्यांदा पडला की गोणी काढून घेतात.

मग जोड्या. ताडपत्रीवर एकानं गुडघे टेकायचे, दुसऱ्यानं मागून घोटे दाबून धरायचे. पहिला पाठ ताठ ठेवून पुढं झुकतो. हळू, अजून हळू. मांडीची मागची शीर दोरीसारखी उभी राहते. मान थरथरते. अर्ध्यावर गेला की ताबा सुटतो, तो हातांवर आदळतो आणि सगळे हसतात. या व्यायामाला नॉर्डिक म्हणतात. तो नेमानं करणाऱ्या संघांत हॅमस्ट्रिंगच्या दुखापती जवळपास निम्म्यावर येतात, असं अनेक अभ्यासांत दिसलंय. खर्च शून्य. फक्त घोटे धरणारा जोडीदार इमानदार पाहिजे.

6:30
बॉल. पोरं एकदम जागी.

7:05
स्टीलच्या डब्यात उकडलेली अंडी. माणशी दोन, अंडं सात रुपयांचं. जो खात नाही त्याला मूठभर फुटाणे आणि गूळ. महिन्याची फी चारशे. त्यातले जवळजवळ सगळे अंड्यांतच जातात. चौघांची फी येत नाही. सर मागतही नाहीत, पण वहीत लिहून ठेवतात. दहा मिनिटांत मैदान रिकामं. सायकली ट्यूशनच्या रस्त्याला.

11:00
सर शाळेत. कंत्राटी क्रीडाशिक्षक, मानधन नऊ हजार, तेही दोन-दोन महिन्यांनी. आज खेळाचा तास गणिताला गेलाय. ते बसून स्पर्धेचे अर्ज भरतात: आधार, जन्मदाखला, फोटो. एकाच्या दाखल्यावर आडनाव वेगळं. तीन फोन, एक झेरॉक्स, दोन रुपये.

2:15
मोंढा. पेरण्या उरकल्यात, आवक कमी. नवं सोयाबीन दसऱ्याच्या आसपास येईल, तोवर हमालांच्या हाताला काम बेताचंच. मधल्या फळीत खेळणाऱ्या पोराचे वडील कट्ट्यांच्या थप्पीला टेकून बसलेत. कमरेला पट्टा, हातात लोखंडी आकडा.
“सर, वजन उचलून पोरगं बुटकं राहतंय म्हणायलेत लोक.”
“अप्पा, तुम्ही साठ किलो उचलता. त्याला मी पंधरा देतो. तेही त्याचं वाकणं बघून.”
खरं तर जागतिक आरोग्य संघटनाच सांगते की पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू आणि हाडं बळकट करणारा व्यायाम करावा. सर हे सांगत बसत नाहीत. अप्पा एक कट्टा पाठीवर घेतात, चार पावलं टाकतात, थप्पीला लावतात. “त्याला असं वाकायला शिकवू नका म्हंजे झालं.”

5:30
पुन्हा मैदान. आज धाकटी पोरं, आणि महिन्याची मोजणी. भिंतीला बाजू लावून उभं राहायचं, खडू लावलेलं बोट वर टेकवायचं, मग उडी मारून पुन्हा टेकवायचं. दोन खुणांमधलं अंतर टेपनं मोजायचं. एकाची उडी मागच्या महिन्यापेक्षा चार सेंटीमीटरनं कमी भरली. सर आधी त्याची उंची मोजतात. पोरगं एकदम वाढलंय, हातपाय अजून ताब्यात नाहीत. वहीत शेरा: ‘गोणी 10 वरच. घाई नको.’

9:40
सरांचं जेवण चाललंय आणि फोन वाजतो. रविवारी ट्यूशनची परीक्षा सकाळी साडेसातला. नांदेडच्या सामन्याला गाडी साडेपाचला. बचावफळीतले दोघं येणार नाहीत. सर डाव्या हातानं वही ओढतात. नांदेडवाले अंगानं दणकट, उंच बॉलवर भारी. अप्पांच्या पोराला मागं आणावं लागेल. तेवढ्यात दुसरा फोन: बुटाचा तळवा निघालाय, मोच्याकडं टाकलाय, चाळीस रुपये सांगतोय, देऊ का?
“तीस दे. आणि झोप आता.”