जबलपुरातलं मराठी मूल मटण कसं खाऊ लागतं

उष्टावणाच्या आधीपासून

चवीची ओळख पोटातच सुरू होते. आईच्या जेवणातल्या लसणाचा वास गर्भजलातून, पुढे दुधातूनही बाळापर्यंत पोचतो. उष्टावणाला खीर चाटवतात. रश्शात कुस्करलेला भात आणि अंड्याचा बलक नंतर येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या शिफारशीनुसार सहा ते तेवीस महिन्यांच्या बाळाला अंडी, मासे किंवा मांस रोज मिळावं. मांसाहारी घरांनी त्यासाठी दात येण्याची वाट पाहू नये, मऊ खिमा चालतो.

नाक मुरडण्याचं वय

दोन ते सहा वर्षांत नवं काही नको असतं. तोच पदार्थ आठ-दहा वेळा, घासभर, सक्ती न करता पुढे आला की बहुतेक मुलं सरावतात. मटण चावताना जबडा दुखतो, म्हणून आधी रस्सा, मग खिमा, फोडी शेवटी.

एका गल्लीत दोन श्रावण

जबलपूरचं वेगळेपण इथे आहे. गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी शेजारच्या हिंदी भाषक घरांत सावन लागतो आणि मांस बंद होतं. मराठी घरात अजून आषाढच चालू असतो. अमावास्येच्या आधी मटणाचा बेत ठरलेला. सहा-सात वर्षांचं पोर शेजारी खेळायला जाताना आई बजावते, ‘‘आज काय जेवलास ते तिथे सांगत बसू नकोस हं.’’ राखीला शेजाऱ्यांचा सावन संपतो, तेव्हा आपला श्रावण निम्माच झालेला असतो, पोळ्यापर्यंत थांबायचं. कुठे, केव्हा, कुणासमोर खायचं, हे मूल असं शिकतं. माझ्या मते जिभेपेक्षा हे शिक्षण जास्त टिकतं. १९०४ पासूनच्या गन कॅरेज फॅक्टरीसारख्या कारखान्यांच्या वसाहतींत बंगाली शेजारी असला, तर माशांची गोडीही तिथेच लागते.

घराबाहेरचं ताट

कॉलेजच्या वयात शाकाहारी घरातला मुलगा मित्रांबरोबर बिर्याणी खातो. मुलीला तेवढी मोकळीक क्वचितच मिळते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातले १६.६ टक्के पुरुष कधीच मांसाहार न करणारे आढळले, स्त्रिया मात्र २९.४ टक्के.

उलटंही घडतं. आठ-नऊ वर्षांची मुलगी कोंबडी कापताना पाहते आणि ताट सरकवते. तिला चिडवू नये, रश्शातल्या फोडी काढून रस्साही वाढू नये. डाळ-उसळ, दूध, पनीर आणि चालत असेल तर अंडं, एवढ्यावर तिचं पोषण नीट होतं.